आगाऊ नमस्कार

मधुराला नापास केलं ते तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याने.

बाकी सगळ्या अवयवांनी त्या दिवशी चोख काम केलं होतं. हात थरथरले नव्हते, डोळे चुकले नव्हते, डोक्यात बावीसच्या बावीस पायऱ्या ओळीने उभ्या होत्या. पण अंगठा तो अंगठा. लहानपणापासून त्याला एकच काम शिकवलेलं, कुठे लागला की वर कळवायचं.

मधुरा सिंगापूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात कॅन्सरच्या वॉर्डात नर्स. त्या वॉर्डात जवळजवळ प्रत्येक पेशंटला सेंट्रल लाइन असते. म्हणजे हाताला लावतात ती साधी सलाईनची सुई नाही, तर छातीतून थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडलेली नळी. औषध त्यातूनच जातं. आणि एखादा जंतू चुकून आत शिरला तर तोही त्यातूनच जातो, मधे कुठेही न थांबता. म्हणून त्या नळीवरची पट्टी बदलायची, नळी धुवायची, तर त्याचे नियम इतके कडक की लग्नाचे विधी त्यापुढे ढिले वाटावेत. आणि दर दोन वर्षांनी प्रत्येक नर्सची त्यात परीक्षा. संधी दोन. दोन्ही गेल्या तर सेंट्रल लाइनला हात लावायची परवानगी काढून घेतात. आता कॅन्सरच्या वॉर्डात लाइनला हात न लावणारी नर्स म्हणजे गॅसला हात न लावणारी स्वयंपाकीण. तिला ठेवून करायचं काय?

हाच प्रश्न वॉर्डच्या मॅनेजरबाईंनी फार गोड शब्दांत विचारला होता. "मधुरा, तुझा कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरला संपतोय ना? रिझल्ट येऊ दे, मग बसू." ते 'मग बसू' तेव्हापासून मधुराच्या पोटात जाऊन बसलं होतं. नवरा उल्हास जहाजावर इंजिनियर, तीन-तीन महिने समुद्रात. सिंगापुरात राहायचा पास मधुराच्या नोकरीवर, आठ वर्षांच्या जाईचा पास मधुराच्या पासवर, जाईची शाळा जाईच्या पासवर, आणि यिशुन भागातला भाड्याचा फ्लॅट या सगळ्यांवर. उतरंड रचलेली. तळाला मधुरा.

तर पहिल्या परीक्षेला झालं असं.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक लॅब आहे. तिथे एका खाटेवर मिस्टर टॅन झोपलेले असतात. मिस्टर टॅन म्हणजे रबरी पुतळा, कमरेपासून वर. कमरेच्या खाली काही नाही, त्यामुळे त्यांची कधी कुठे जायची घाई नसते. त्यांच्या छातीतून एक नळी बाहेर आलेली. परीक्षा घेणारी मिस गोह, पन्नाशीची, बारीक, केस कानापर्यंत कापलेले, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, हातात यादी. ती रागावते असं कुणी म्हणत नसे. ती नुसती पेनाचं टोक खटकन आत-बाहेर करते, आणि तेवढ्याने पुरतं.

मधुराने हात धुतले, जुनी पट्टी काढली, पुन्हा हात धुतले, निर्जंतुक कागद पसरला, निर्जंतुक हातमोजे घातले. चौदा पायऱ्या पार. एकही खटका नाही. पंधराव्या पायरीला ती औषधाचा कापूस उचलायला जराशी डावीकडे सरकली, आणि ट्रॉलीखाली कुणीतरी ठेवलेल्या जाडजूड पुस्तकाला तिचा अंगठा लागला. लॅबचं नियमांचं पुस्तक. चारशे पानांचं, काळं.

पुढचं मधुराने केलंच नाही, ते झालं. ती वाकली, उजव्या हाताची बोटं पुस्तकाला लावली आणि कपाळाला लावली. निर्जंतुक हातमोज्यासकट. सगळं मिळून दीड सेकंद. आणि मग ती कापूस उचलायला निघाली, जणू काही घडलंच नाही.

खट.

"मधुरा," मिस गोह म्हणाली, "आत्ता तू काय केलंस?"

आता खरं सांगायचं तर सरस्वतीपासून सुरुवात करावी लागली असती. पुस्तक म्हणजे विद्या, विद्येला पाय लागला तर पाप, हे इंग्रजीत, मास्क लावून, छातीत धडधडत असताना. तोंडातून निघालं, "चक्कर आली, मिस गोह."

मिस गोहने यादीवर लिहिलं: 'जमिनीला स्पर्श. नंतर स्वतःच्या कपाळाला स्पर्श. चक्कर?' आणि मधुराला उचलून, म्हणजे दंडाला धरून, कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरने ब्लडप्रेशर पाहिलं, साखर पाहिली, आणि विचारलं, दिवस गेलेत का? नवरा तीन महिने समुद्रावर होता. मधुराने 'नाही' इतक्या जोरात सांगितलं की डॉक्टरने 'मानसिक ताण' असं लिहून टाकलं. एका अंगठ्यापायी नापास झाली, आजारी ठरली, आणि वर ताणही आला. शेवटचं मात्र खरं होतं.

दुसरी आणि शेवटची संधी पुढच्या सोमवारी.

*

मधल्या शुक्रवारी सिंगापुरात धूर झाला. शेजारच्या देशातले जंगलातले वणवे, आणि वास यिशुनच्या अकराव्या मजल्यावर. हवा इतकी वाईट की शाळांना सुट्टी दिली. मधुराची त्या दिवशी रजा होती. खिडक्या बंद, पंखा चालू, घरात तीन बायका: मधुरा, जाई, आणि दोन महिन्यांसाठी मिरजेहून आलेल्या सासूबाई, सुमित्राबाई.

डायनिंग टेबलावर एक दुधी भोपळा आडवा झोपला होता. त्याच्या पोटातून लॅबने सरावाला दिलेली, मुदत संपलेली नळी बाहेर आली होती.

"हा कोण?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"मिस्टर टॅन," जाई म्हणाली. तिच्या हातात वही होती आणि गळ्यात शाळेच्या कार्डाची दोरी. ती मिस गोह झाली होती. "आजी, डोन्ट टच हं. परीक्षा आहे."

"मी आज याची भाजी करणार होते."

"परीक्षेनंतर करा, आई," मधुरा म्हणाली. "औषधाऐवजी पाणीच वापरतेय मी."

सुमित्राबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या लेखी दवाखान्यात दोनच गोष्टी असायच्या, सुई आणि सलाईन. हे तिसरं प्रकरण त्यांनी थोडा वेळ नुसतं पाहिलं. मधुराने हात धुतले, कागद पसरला, मोजे घातले, चिमट्याने कापूस उचलला.

"शिवलं," सुमित्राबाई म्हणाल्या.

"काय शिवलं?"

"तुझं कोपर. त्या कागदाच्या कडेला. गेलं सगळं."

मधुराने पाहिलं. खरंच, कोपर कागदाच्या कडेला टेकलं होतं. तिला कळलंही नव्हतं. मिस गोहला मात्र लगेच कळलं असतं, आणि परीक्षा तिथेच संपली असती.

"आई, तुम्हाला कसं दिसलं?"

"पस्तीस वर्षं दिसतंय," सुमित्राबाई म्हणाल्या. "माझ्या सासूचं सोवळं तू पाहिलं नाहीस. दांडीवर वाळत घातलेल्या तिच्या लुगड्याला माझ्या पदराचा वारा लागला तरी ती ते पुन्हा धुवायला लावायची. वारा गं. मी वाऱ्याकडे बघून चालायला शिकले." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "सासू गेली त्या दिवशी मी सोवळं सोडलं. पण डोळ्याला लागलेली सवय कुठे सुटते? चल, पहिल्यापासून."

"आई, हे सोवळं जंतूंचं आहे. माणसांचं नाही."

"तेच म्हणते मी. आमच्याकडे जंतूंना मुभा होती, माणसांनाच बंदी. पस्तीस वर्षं छळ सोसला, आता कुणाला तरी उपयोग होऊ दे. कर सुरू."

मग दोन तास त्या घरात 'शिवलं' या शब्दाचा पाऊस पडला. मास्कची दोरी शिवली. टोपीतून सुटलेली बट शिवणार होती. चिमटा ठेवताना त्याचं शेपूट बाहेरून आत आलं. मधुराच्या पाठीवर घामाची रेघ उठली. मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात दहा वर्षं काढलेली ती बाई, दुधी भोपळ्यासमोर रडकुंडीला आली. पण सातव्या वेळी सुमित्राबाई शेवटपर्यंत गप्प बसल्या.

"झालं?" मधुराने विचारलं.

"झालं. पण तू नापास याने झाली नव्हतीस."

नव्हतीच. म्हणून जाईने आपलं गणिताचं पुस्तक टेबलाखाली ठेवलं. मधुराने पाय सरकवायचा, अंगठा पुस्तकाला लागू द्यायचा, आणि हात वरच ठेवायचे. एवढंच.

अंगठा लागला. हात खाली गेला. कपाळाला आला.

"फेल," जाईने वहीत लिहिलं.

पुन्हा लागला. पुन्हा गेला. "फेल लाह, मम्मा." असं अकरा वेळा. अकराव्या वेळी मधुराने दोन्ही हात एकमेकांत गच्च अडकवले, तर कपाळच हातांकडे आलं.

"अगं, पण हे काय चाललंय?" सुमित्राबाईंना आता राहवेना. "पोरीसमोर पुस्तकाला लाथा मारायचा सराव करतेस? ती काय शिकेल?"

"आई, मी नमस्कार केला की पेशंटला जंतू जातो."

"आणि नाही केला की?"

"नाही केला की पास होते."

"म्हणजे अपमान करून पास व्हायचं."

"नाहीतर मिरजेला परत जायचं." मधुराचा आवाज चिरकला. "जाईला घेऊन. ह्यांचं जहाज कुठे लागेल तिथे ह्यांनी फोन करायचा, आणि आम्ही सांगायचं, बरं का, अंगठ्यामुळे आलो."

जाईने पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर समोरची बिल्डिंग धुरात अर्धी बुडाली होती.

"असं कर," सुमित्राबाई म्हणाल्या. "आगाऊ करून टाक."

"काय?"

"नमस्कार. मोजे घालायच्या आधी. पुस्तकाला, त्या टॅनसाहेबांना, गाडीला, बाईंना, जे जे म्हणून पायाला लागण्यासारखं असेल त्या सगळ्यांना आधीच करून ठेव. पूजेच्या शेवटी म्हणतो ना आपण, चुकलंमाकलं पदरात घे? ते तू सुरुवातीला म्हण. मग मधे कितीही पाय लागू दे, तो नमस्कार झालेला आहे."

"असं चालतं?"

"कुणाला विचारायचंय? मी सांगते, चालतं."

मधुराला हे धर्मात बसतं की नाही माहीत नव्हतं, पण बुडत्याला काडी. तिने टेबलाखाली वाकून गणिताच्या पुस्तकाला नमस्कार केला, दुधीला केला, जाईला करायला गेली तर जाई "ईऽ" म्हणून पळाली. मग मोजे घातले. पाय सरकवला. अंगठा लागला.

हात गुडघ्यापर्यंत गेला आणि थांबला.

पुढच्या वेळी कमरेशी थांबला. संध्याकाळपर्यंत नुसती बोटं थरथरायची, हात वर राहायचा. जाईने वहीत 'पास' लिहून खाली एक चांदणी काढली. दुधीची भाजी झाली. पट्ट्या ओढून ओढून त्याची साल जागोजाग सोलली गेली होती. "इतका स्वच्छ दुधी मी जन्मात चिरला नाही," सुमित्राबाई म्हणाल्या.

मधुराने मात्र दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. बोटं थरथरत होती ती काही थांबली नव्हती.

*

सोमवारी ती लॅबमध्ये शिरली आणि पहिल्यांदा तिला दिसली ती खुर्ची. मिस्टर टॅनच्या खाटेजवळ, बरोबर ती उभी राहणार होती तिच्या मागे.

"तुझ्यासाठी," मिस गोह म्हणाली. "पुन्हा गिडी, चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच बस. मी जवळच उभी राहते. ओके आह?"

आठवड्यापूर्वी मारलेली थाप आज चार पायांवर तिच्या मागे उभी होती. पण आता खरं सांगायची ती वेळ नव्हती. तिने ट्रॉलीखाली पाहिलं. काळं पुस्तक तिथेच, जमिनीवर. कपाटात जागा नाही म्हणून.

"मी आधी जरा जागा पाहून घेते," ती म्हणाली, आणि वाकली. पुस्तकाला हात लावून कपाळाला. ट्रॉलीच्या चाकांना. खाटेच्या पायाला. मिस्टर टॅनना पाय नव्हते म्हणून खांद्याला. खुर्चीला, कारण तीही आता आलीच. शेवटी मिस गोहच्या पांढऱ्या बुटांकडे बघून लांबूनच. मनात म्हणाली, चुकलंमाकलं पदरात घ्या.

खट. मधुराचं काळीज हललं. पण मिस गोहने पेनाचं टोक बाहेर काढून लिहिलं: 'सुरुवातीला जागेची तपासणी केली. उत्तम.'

वेळ पंचवीस मिनिटं. मधुराने हात धुतले. मास्क. जुनी पट्टी. पुन्हा हात. कागद पसरला. मोजे. कानात सुमित्राबाईंची शांतता होती, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. ती औषधाचा कापूस उचलायला वळली, आणि मिस गोह तिच्या आणखी जवळ सरकली, चक्कर आली तर सावरायला. पुढे झुकली. गळ्यातली निळी पट्टी पुढे लोंबली, आणि टोकाचं ओळखपत्र निर्जंतुक कागदाच्या कोपऱ्याला टेकलं. अलगद. माशी बसावी तसं. आणि पुन्हा उचललं गेलं.

मिस गोहला कळलं नव्हतं.

मधुराचे हात हवेत थांबले. सांगावं तर परीक्षकाला चूक दाखवायची, तीही शेवटच्या संधीला, ज्या बाईच्या सहीवर यिशुनचा फ्लॅट उभा आहे तिला. न सांगावं तर हा कागद आता मेलेला. त्याच्यावरचा कापूस मिस्टर टॅनच्या छातीला लागणार. मिस्टर टॅनना काही होणार नाही. पण मग वॉर्डात, खऱ्या छातीपाशी, ती काय करणार? तेव्हाही गप्प बसेल? आणि हे सगळं मुद्दाम केलेलं असेल तर? मिस गोहचा चेहरा मास्कच्या वर नुसते दोन डोळे, त्यात काही वाचता येईना. अकरा मिनिटं होऊन गेली होती.

ती ठरवेपर्यंत तिच्या तोंडाने ठरवून टाकलं होतं.

"शिवलं," ती मोठ्याने म्हणाली.

"काय?"

"शिवलं, शिवलं."

मिस गोहने सिंगापुरातल्या शिवाच्या देवळांची नावं ऐकलेली होती. तिला वाटलं, ही शंकराचा धावा करतेय. म्हणजे आता ही पडणार. तिने चपळाईने पायानेच खुर्ची पुढे ढकलली. खुर्चीची कड मधुराच्या गुडघ्यांच्या मागे बसली आणि मधुरा दाणकन खाली बसली. पण हात वर. दोन्ही हात छातीसमोर, शरण आलेल्या माणसासारखे.

"डीप ब्रेथ," मिस गोह म्हणाली. "पाणी आणू?"

"मला काही झालं नाही," मधुरा खुर्चीतूनच म्हणाली. "तुमचं कार्ड कागदाला लागलं. कोपऱ्याला. हा सेट गेला, मिस गोह. मला नवा सेट उघडावा लागेल."

मिस गोहने आपल्या गळ्यातल्या पट्टीकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. मग हळूच ती पट्टी उचलून आपल्या खिशात कोंबली. पेन खटकलं नाही.

"नवा सेट घे," ती म्हणाली. "घड्याळ थांबवत नाही."

चौदा मिनिटं उरली होती. मधुराने सगळं टाकून दिलं. हात धुतले. नवा कागद. नवे मोजे. नव्या चिमट्यात औषधाचा कापूस. तिने मिस्टर टॅनची छाती पुढे-मागे, पुढे-मागे पुसली. आता औषध वाळेपर्यंत तीस सेकंद थांबायचं. फुंकर मारायची नाही, वारा घालायचा नाही, नुसतं उभं राहायचं. पायऱ्यांमधली ही सगळ्यात अवघड पायरी, कारण हिच्यात करायला काही नसतं.

ती अर्धं पाऊल मागे सरली. मागे खुर्ची. म्हणून उजवीकडे सरली. उजवीकडे मिस गोह. मधुराची टाच, सगळ्या वजनासकट, मिस गोहच्या पांढऱ्या बुटावर पडली.

मिस गोहच्या तोंडून श्वास सुटला, तेवढाच.

पुस्तक नव्हे, माणूस. आणि वयाने, मानाने मोठं माणूस. आगाऊ केलेला नमस्कार मधुराच्या मनाने मान्य केला, पण हाताने साफ नाकारला. लांबून, बुटांकडे बघून केलेला तो कसला नमस्कार. हात निघाला. कमरेच्या दिशेने निघाला. कमरेच्या खाली गेला की मोजे बाद. मिस गोहचे डोळे त्या हातावर. मधुराला दिसत होतं की हात जातोय, जसं दुसऱ्याचं मूल रस्त्यात धावताना दिसावं. आणि जायला जागा नाही म्हणून, वळायला दुसरं काही नाही म्हणून, तो हात मधेच वर वळला आणि डाव्या हाताला जाऊन चिकटला. तळव्याला तळवा. छातीसमोर.

मधुराने मान वाकवली. "सॉरी, मिस गोह," ती म्हणाली.

मोजा मोज्याला लागला होता. स्वच्छाला स्वच्छ. कपाळ लांब. कानात सुमित्राबाई काही बोलल्या नाहीत.

राहिलेले वीस सेकंद ती तशीच उभी राहिली, हात जोडून, मिस गोहच्या बुटाकडे बघत. मग नवी पट्टी लावली, नळीचं टोक पंधरा सेकंद घासलं, थांबत थांबत नळी धुतली, चिमटा लावला, तारीख लिहिली. घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद उरले होते.

*

मिस गोहने यादी पूर्ण भरली. खुर्चीत बसून, एक पाय जरा वर धरून.

"औषध वाळताना हात छातीसमोर जोडून ठेवलेस," ती म्हणाली. "कमरेच्या वर, नजरेसमोर. वीस वर्षं मी लोकांना सांगतेय, हात खाली सोडू नका. सगळे सोडतात. तुला कुणी शिकवलं?"

इथे मधुरा सहज म्हणू शकली असती, मिरजेत शिकले. पण मागच्या थापेने चार पायांची खुर्ची आणली होती. या थापेला किती पाय फुटतील कुणी सांगावं.

"मिस गोह, मागच्या वेळी मला चक्कर आली नव्हती," ती म्हणाली. "तुमच्या पुस्तकाला माझा पाय लागला होता. आमच्यात पाय लागला की हात लावून कपाळाला लावतात. माफी मागतात. आपोआप होतं."

मिस गोहने ट्रॉलीखालच्या पुस्तकाकडे पाहिलं. मग आपल्या बुटाकडे.

"आणि आज माझा पाय."

"हो."

"म्हणजे ते हात जोडलेस ते..."

"हो."

"पुस्तक आणि माझा बूट, सेम?"

"नाही," मधुरा म्हणाली. "माणूस जास्त."

मिस गोहने यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. कपाळाचं कारण सांगितलं म्हणजे परीक्षेत खोटं बोलल्याची कबुली दिली, हे तिला आता, सांगून झाल्यावर कळत होतं. डिसेंबर डोळ्यांसमोर आला. मिरजेची गाडी आली. जाईची वही आली.

खट.

मिस गोहने सही केली आणि कागद तिच्याकडे वळवला. 'पास,' लिहिलं होतं. खाली शेऱ्यात: 'परीक्षकाची चूक निदर्शनास आणली.' आणि त्याखाली, बारीक अक्षरात: 'चक्कर नव्हती.'

"डॉक्टरला मी सांगते," ती म्हणाली. "शिवलं म्हणजे काय?"

"टच्ड."

"एका शब्दात?"

"एका शब्दात."

"गुड वर्ड," मिस गोह म्हणाली, आणि लंगडत दाराकडे गेली.

*

डिसेंबरात मॅनेजरबाई खरंच बसल्या, आणि दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करून उठल्या. मधुराला त्यांनी नव्या नर्सेसच्या सरावाला मदतीला घातलं.

पहिल्या दिवशी मधुरा लॅबमध्ये गेली तर सहा नव्या मुली मिस्टर टॅनभोवती उभ्या, दोन फिलिपिन्सच्या, एक केरळची, बाकी इथल्याच. औषध वाळत होतं. सहाही जणी छातीसमोर हात जोडून, मान किंचित वाकवून, एकही शब्द न बोलता तीस सेकंद उभ्या होत्या. कमरेखाली काही नसलेले मिस्टर टॅन मधे. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर चप्पल काढूनच आत आलं असतं.

"मान कशाला वाकवतात?" मधुराने हळूच विचारलं.

"तू वाकवली होतीस," मिस गोह म्हणाली. "मला वाटलं, तोही त्याचाच भाग."

कुणी तपासणीला आलं आणि मान वाकवायचं शास्त्रीय कारण विचारलं तर? बोट कुणाकडे जाईल? ती आपली नजर चोरून खाली बघायला लागली. ट्रॉलीखाली काही नव्हतं. काळं पुस्तक कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर होतं, खोके हलवून केलेल्या जागेत, आणि फळीवर चिठ्ठी चिकटवली होती. 'जमिनीवर ठेवू नये. कारण: जंतुसंसर्ग प्रतिबंध.'

तिने घरी आल्यावर हे मिरजेला फोन करून सांगितलं. सुमित्राबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"कारण चुकीचं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "असू दे. वर ठेवलंय ना."